बुश तरी वाकला होता

रुचिकाला राग यायला कारण लागायचं नाही. पण त्या दिवशी कारण होतं, आणि ते तिच्या शेजारीच बसलं होतं.

काल्हेरहून भिवंडीला निघालेली शेअर रिक्षा. मागे तिघं, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना दोघं लटकलेले. अंजूरफाट्याच्या अलीकडे एका कंटेनरमागे रिक्षा अशी फसली की ड्रायव्हरने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली. शेजारी एक चष्मेवाला पोरगा पेपर उघडून बसलेला. पेपरचं एक पान त्याच्या मांडीवर, दुसरं बिनधास्त रुचिकाच्या. अमेरिकेत निवडणूक होऊन आठवडा झाला होता. नवा निवडून आला होता, जुना सामान बांधत होता.

ड्रायव्हर म्हणाला, "चलो, बुश गया, अच्छा हुआ."

तर हा चष्मा सावरत म्हणतो कसा, "वैसा नहीं भैया. आदमी उतना बुरा नहीं था. अपने साथ अणुकरार तो किया ना."

बस्स. रुचिकाने मांडीवरचं पान उचलून त्याच्या अंगावर ढकललं.

"तो करार भाकरीबरोबर खायचा का? आमच्या गोदामात टॉवेलच्या थप्प्या छताला लागल्यात. अमेरिकेत कोण घेईना, माल ठेवणारी पार्टी फोन उचलेना, हमाल घरी बसलेत. आणि तुमचा तो भला माणूस वर आम्हालाच सुनावतो, की तुम्ही चांगलं खायला लागलात म्हणून धान्य महागलं."

पोरग्याने तिच्याकडे नीट बघितलं. मग अगदी शांतपणे... "तुमच्यामुळे नसेल महागलं. तुम्ही सकाळी नुसत्या मिरच्या खाऊन निघालेल्या दिसता."

ड्रायव्हर हसला, लटकलेले दोघंही हसले. रुचिका तिथेच उतरली आणि कॉलेजपर्यंत पायी गेली. चालताना तिने त्याला देता आली असती अशी बरीच उत्तरं शोधली. सगळी उत्तम होती, पण आता त्यांचा काय उपयोग...

उपयोग झाला. दुपारी चिंतामणी सरांनी वादविवाद स्पर्धेच्या जोडीला बोलावलं. आर्ट्सच्या शेवटच्या वर्षातून रुचिका, कॉमर्समधून आल्हाद. आल्हाद म्हणजे तोच – चष्मा, पेपर, मिरच्या.

आता या स्पर्धेची एक गंमत असते. एका कॉलेजची जोडी, पण एक विषयाच्या बाजूने बोलणार आणि दुसरा विरुद्ध. आपसातच फाडाफाडी करायची, आणि दोघांचे मार्क मिळून जे होतील त्यावर करंडक. म्हणजे एकाने दुसऱ्याला सांभाळून घेतलं, की जोडी बुडाली. विषय होता, 'बुश यांची कारकीर्द जगाला घातक ठरली.' रुचिका टेबलावर मूठ आपटून म्हणाली, मी बाजूने बोलणार. सर म्हणाले, अजिबात नाही. जे मनापासून वाटतं त्यावर माणूस बोलत नाही, नुसता ओरडतो. शिव्या आल्हाद घालेल, बुशची वकिली तू कर.

वकिली हाच तर सगळा तिढा होता. तिचे वडील बाळारामशेठ, काल्हेरला तीन गाळ्यांच्या गोदामाचे मालक. वडिलोपार्जित जमिनीच्या भांडणात त्यांचं अर्धं आयुष्य कोर्टाच्या बाकावर गेलेलं. घरात एक वकील पाहिजे, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. रुचिका म्हणत होती, मी शिकते. ते म्हणत होते, जावई आणतो, लवकर होतंय. दिघाशीचा प्रितम वकील त्यांनी हेरूनही ठेवला होता. शेवटी एका जेवणात सौदा ठरला.

"करंडक आन, मंग शिक वकिली," बाळारामशेठ म्हणाले. "न्हाय आनलास तर दुसऱ्या दिवशी प्रितम बघाया येल. परत रडायचं न्हाय."

"रडतंय कोण," रुचिका म्हणाली.

मग सुरू झाला सराव. वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर, पलीकडे यंत्रमागांची खटखट. भिवंडीत माणूस हळू बोलायला शिकतच नाही. लूमच्या वर आवाज चढवल्याशिवाय शेजारच्याला चहा पाहिजे की नको तेही कळत नाही. त्यामुळे ही दोघं तिथे बसून इराक, मंदी, अफगाणिस्तान जे काही ओरडायची, ते सगळी गल्ली ऐकायची. चहावाला तर बुशला घरातला माणूस असल्यासारखा ओळखायला लागला.

रुचिकाने आपला सगळा राग आल्हादला देऊन टाकला – हा घे, हे बोल, असं बोल, आणि इथे थांबून परीक्षकांकडे बघ. टॉवेलचा मुद्दा तिने त्याला शेवटी ठेवायला लावला. जगाचं सांगून झालं की काल्हेरचं गोदाम काढायचं. हॉल गार पडला पाहिजे. आल्हादने तिला अणुकरार दिला, आफ्रिकेतली एड्सची औषधं दिली. अडला की तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचा. पुसताना त्याचे डोळे उघडे पडायचे... आणि रुचिका मुद्दा विसरायची. मग विसरल्याचा राग.

"तू चिडलीस ना, की तुझा डावा कान आधी लाल होतो," तो एकदा म्हणाला.

"आणि उजवा?"

"तो बघायला मला बाजू बदलून बसावं लागेल. बसू?"

"विषयावर बोल," ती म्हणाली. दोन्ही कान लाल.

एकदाच त्याने विचारलं, टॉवेलच्या मुद्द्याला तू उत्तर काय देणार? ती नुसती हसली. उत्तर तिच्याकडे होतं. पण ते तिने अजून स्वतःलासुद्धा मोठ्याने सांगितलं नव्हतं.

स्पर्धा जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी, त्याच वाचनालयाच्या हॉलमध्ये. मधल्या काळात बगदादमध्ये एका पत्रकाराने बुशवर जोडे भिरकावले होते, आणि बुश वाकून वाचला होता. म्हणून वाचनालयाचे सावळाराम काका हॉलच्या दारात उभे राहून प्रत्येकाला चपला बाहेर काढायला लावत होते. बातमी आम्ही पण बघितलीय, म्हणत होते. आत नियम नेहमीचेच. पहिली घंटा म्हणजे एक मिनिट उरलं, दुसरी म्हणजे बसा खाली.

आल्हाद आधी उठला. काय बोलला... इराकवर बोलताना परीक्षकांची पेनं थांबली. मग बँका, मग मंदी. रुचिका खुर्चीच्या कडेला आली. आता टॉवेल. आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. भिवंडीत लाइट जाणं ही काही बातमी नाही, पण सगळे लूम एकदम बंद पडले आणि हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की कुणाच्या बांगड्या वाजल्या तेही कळलं. अशी शांतता या गावात वक्त्याला नशिबाने मिळते. आल्हादने रुचिकाकडे बघितलं. चष्मा काढला. पुसला.

"धन्यवाद," म्हणाला, आणि बसला. पहिली घंटासुद्धा झाली नव्हती.

रुचिका संतापाने उठली आणि संतापानेच बोलली. ज्या माणसाचा तिला राग, त्याची बाजू तिने अशी मांडली की टाळ्या थांबेनात. वैयक्तिक पहिलं बक्षीस तिला. करंडक कल्याणच्या जोडीला.

बाहेर चपलांचा ढीग. आल्हाद आपली सँडल शोधत होता. एक पायात, दुसरी रुचिकाच्या हातात.

"टॉवेल कुठे गेले?"

"रुचिका, ते तुझ्या घरचं... तू अडकली असतीस. उत्तर नव्हतं तुझ्याकडे."

"नव्हतं, हे तुला कोणी सांगितलं?"

तिने सँडल फेकली. दोन हातांवरून, सगळा जोर लावून. हा बाबा हलला नाही. महात्म्यासारखा उभा राहिला आणि छातीवर घेतली. हे बघून तर तिचं टाळकंच फिरलं.

"बुश तरी वाकला होता! तुला तेवढंही जमत नाही? दया करतो माझ्यावर. माझं अख्खं शिक्षण बुडवलंस, आणि वर चेहरा असा, जसं काही फूल दिलंय." तिने पडलेली सँडल परत उचलली. "उद्या मला बघायला येणारेत. सकाळी काल्हेरला यायचं. जे गिळलंस ते माझ्या बाबांसमोर बोलायचं, सगळं. सँडल तेव्हाच मिळेल. नाही आलास तर तोंड दाखवू नकोस."

रविवारी ओटीवर पोह्यांच्या बशा फिरत होत्या. प्रितम वकील मधे, दोन्ही बाजूंना त्याचे दोन मामा. तेवढ्यात फाटकातून आल्हाद आला. पायात त्याच्या आईच्या, शुभदाताईंच्या, निळ्या स्लिपरा, टाचा अर्ध्या बाहेर.

"यो कोन?" बाळारामशेठनी विचारलं.

"माझी जोडी," रुचिका म्हणाली. मामांचे घास थांबले. "वादविवादातली. कालचा एक मुद्दा राहिलाय, बाबा. तो ऐका, मग काय बघायचं ते बघा."

बाळारामशेठ कोर्टात मुरलेले. भांडण दारात आल्यावर ऐकल्याशिवाय परत पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आई हौसाबाईंनी स्टीलचं ताट आणि डाव मागवून घंटेची सोय स्वतःकडे घेतली.

आल्हाद बोलला. आज काही गिळलं नाही. फाटकापलीकडच्या गोदामाकडे बोट दाखवून म्हणाला, युद्ध त्यांनी केलं, बँका त्यांच्या बुडाल्या, आणि टॉवेल सडतायत काल्हेरला. ज्याने कधी अमेरिका बघितली नाही तो इथला हमाल घरी बसलाय. याहून घातक काय असतं, ते विरुद्ध बाजूने सांगावं. मामांनी मान डोलावली. बाळारामशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. बरोबर बोलतंय पोरगं.

रुचिका उठली.

"शेजारच्या भाऊशेठचं गोदाम चालू आहे. त्यांच्याकडे औषधं आहेत, पंखे आहेत, बिस्किटं आहेत. मंदी त्यांच्या दारात आली नाही का? आमचे तिन्ही गाळे एकाच पार्टीला दिले. आई नको म्हणत होती. पार्टी मोठी, भाडं चढं, म्हणून दिले. बुशने नाही दिले, बाबांनी दिले. आपली चूक अमेरिकेवर ढकलायला सोपी जाते, कारण अमेरिका काही ओटीवर येऊन उलट बोलत नाही."

हौसाबाईंनी घंटेची वेळ झालेली नसताना ताटावर एक डाव दणकून हाणला.

बाळारामशेठनी मिशीवर हात फिरवला. चेहरा तांबडा झाला होता. मग प्रितमकडे वळले. "वकीलसाहेब, हिला उत्तर काय हाय?"

प्रितमने बशी खाली ठेवली. "काका, मी असतो तर तडजोड केली असती."

"आयला. मंग तुमाला फी कशाला द्यायची?" ते उठले. मुलीकडे न बघता म्हणाले, "करंडक न्हाय आनलास तरी चालंल. फारम भर त्या वकिलीचा. कोरटात बापाला असं बोललीस तर बग."

रुचिका आल्हादला सोडायला फाटकापर्यंत आली. हातात सँडल. राग अजून उतरला नव्हता. चार पावलं मागे गेली आणि फेकली.

या वेळी तो वाकला. सँडल डोक्यावरून रस्त्यावर गेली. आणि सरळ होता होता त्याने पायातली निळी स्लिपर काढून तिच्यावर भिरकावली. खांद्यावर बसली.

"लागलं?"

"लागलं."

"माफी मागणार नाही."

"मागून तर बघ." तिला हसू आवरेना. "काल गप्प का बसलास?"

"तुला माहितीये."

"माहितीये. तरी बोल. गिळायचं नाही."

काल्हेरला लूम नाहीत, हे भिवंडीच्या पोराच्या लक्षात राहायला हवं होतं. पण तो बोलला ते लूमच्या वर आवाज चढवून बोलला.

"मला तू आवडतेस. कान लाल असतानाच जास्त."

अख्ख्या आळीने ऐकलं. समोरची म्हैससुद्धा वळून बघायला लागली. ओटीवर मामा उभे राहिले. बाळारामशेठ काहीतरी ओरडणार, तेवढ्यात ताटाचा आवाज आला. ठण्ण... एकदाच.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पहिली घंटा. म्हणजे अजून एक मिनिट होतं.

रुचिकाने रस्त्यावरची सँडल उचलून त्याच्या पायाशी ठेवली, त्याचा चष्मा स्वतः काढला, ओढणीने पुसला, परत त्याच्या नाकावर बसवला. आणि विरुद्ध बाजू मांडायचं काही कारण नाही, असं त्याला सांगितलं... हळू आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा.