आधी ताईला तपासा

त्या मनोरुग्णालयात मनाचे डॉक्टर पाच-सहा होते, शरीराच्या मात्र डॉक्टरीणबाई एकट्याच. त्यांना त्याचा तोरा होता, आणि का नसावा? रुग्णाचं पोट दुखो की छाती, बाकीचे ‘भास’ म्हणून मोकळे व्हायचे. बाई तो शब्द वॉर्डात उच्चारू द्यायच्या नाहीत. आधी हात लावायचा, मग बोलायचं, असा त्यांचा खाक्या होता.

त्या दुपारी वीज गेली होती. पंखे थांबलेले, आणि लांबलचक वॉर्डात फिनेलचा वास कोंडलेला. कोपऱ्यातली म्हातारी पोट धरून कण्हत होती. सकाळपासून तिने कुणालाही अंगाला हात लावू दिला नव्हता.

“आधी ताईला तपासा,” तिने शेजारच्या खाटेकडे बोट केलं. “तिला बरं नाही.”

शेजारची खाट रिकामी होती. नर्सने हसू दाबलं. “हिची ताई कधीच गेली, बाई. रोजचंच आहे हे.”

बाई तरीही त्या खाटेवर टेकल्या. गादीवर स्टेथोस्कोप ठेवून म्हणाल्या, “ताई, मोठा श्वास घ्या... रोखून धरा...”

नर्सचं हसू मावळलं. गादीतून काहीच ऐकू आलं नाही.

“ताई ठीक आहेत. आता तुम्ही, आजी.”

म्हातारीने निमूटपणे हात बाजूला केले. पोट फळीसारखं कडक लागलं. आतडं फुटलं होतं! बाईंनी मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला. तिकडचा सर्जन कां-कूं करू लागला, तशा त्या कडाडल्या, “डोकं बिघडलं असेल, आतडं शहाण्यांसारखंच आहे, साहेब! टेबल तयार ठेवा.”

म्हातारी वाचली. सर्जनने स्वतः कळवलं, आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. आठवडाभर त्या वॉर्डातून जरा जास्तच ताठ मानेने फिरल्या.

टाके निघाल्यावर म्हातारी आपल्या खाटेवर परतली.

“काय आजी, कुठे दुखतंय?”

“मला नाही...” तिचा आवाज खाली आला. “ताई म्हणते... आता डॉक्टरीणबाईंची छाती बघा.”

“बाई, हा तर भासच...” नर्स पुटपुटली.

बाईंनी तिला नजरेनेच गप्प केलं. आजवर एकही तक्रार त्यांनी तपासल्याशिवाय सोडली नव्हती. ही स्वतःची म्हणून काय सोडायची? हसत हसतच त्यांनी स्टेथोस्कोप आपल्या छातीला लावला.

ठोके खणखणीत होते. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि रोखून धरला.

आत कुणीतरी तो सावकाश सोडला.