हस्तिदंताची मुलगी

१९५६ चा ऑक्टोबर. मध्यभारत आता मध्यप्रदेशात जाणार, राजधानी भोपाळला होणार, म्हणून ग्वाल्हेरच्या एका जुन्या वस्तुभांडारातल्या निवडक चिजाही तिकडे निघाल्या होत्या. यादीशी ताडून त्या कापसात बांधायचं काम मल्हाररावांकडे होतं.

एकशे सत्तेचाळीस क्रमांकाला हस्तिदंताची मुलगी होती. वीतभर उंच, पैंजणांत माणकं, कपाळावर पाचू. यादीत लिहिलं होतं, 'दोन्ही हात खाली सोडलेले.' मूर्तीचे हात मात्र कमरेच्या वर उचललेले होते.

"लिहिणाऱ्याचीच गलती असेल," शेजारच्या टेबलावरचे श्रीपादराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते हात खांद्यापर्यंत आले होते. श्रीपादरावांनी पाहिलं, आणि ते पुन्हा त्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

मल्हाररावांना ते हात ओळखीचे वाटले. चार वर्षांपूर्वी त्यांची शामला मुरारच्या दवाखान्यात टायफॉइडने गेली. पाच वर्षांची पोर. शेवटच्या दुपारी बाबांनी उचलून घ्यावं म्हणून ती दाराकडे हात पसरून होती. बाबा कचेरीत होते.

त्यांनी घरी बायकोला सांगितलं. सुलोचनाबाई नया बाजारातून चालत आल्या. मूर्ती तळहातावर घेऊन त्यांनी बोटांच्या मागच्या बाजूने तिची मान चाचपली.

"अहो, हिला ताप आहे."

मल्हाररावांनी हात लावला. हस्तिदंत खरोखरच कढत होतं.

"घरी नेऊ या हिला."

"सरकारी चीज आहे ती."

"तेव्हाही सरकारी कामच होतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

संध्याकाळी मल्हाररावांनी मूर्ती पेटीत ठेवली. हात सरळ त्यांच्याकडे पसरलेले होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि झाकणाला खिळे ठोकले.

पेटी गेली. नवव्या दिवशी सकाळी सुलोचनाबाई उठल्याच नाहीत. त्यांचा डावा हात कमरेशी असा वळला होता, की कुणालाच तो सरळ करता येईना. तसंच त्यांना नेलं.

तेरावा उरकून मल्हारराव कामावर आले. टेबलावर भोपाळचं पत्र होतं.

'क्रमांक १४७ चे वर्णन जुळत नाही, तरी यादी दुरुस्त करावी. यादीत मुलगी एकटी आहे. येथे आलेल्या मूर्तीत ती एका बाईच्या कडेवर, खांद्यावर मान टाकून झोपलेली आहे. बाई निघाल्यासारखी दिसते. मात्र तिची मान मागे वळलेली असून, कुणीतरी धरावा म्हणून उजवा हात मागे केलेला आहे.'