आणखी कोणाला भेटू?

ज्या बँकवाल्याची वाट पाहता पाहता माझी कॉफी थंड झाली, तो आलाच नाही. शेजारच्या टेबलावरून एक पेंगुळलेला आवाज आला, "तो यायचा नाही. त्याच्या गळ्यात काम अडकवून मीच निसटलोय."

हा कॅलम. समोरच्याच बँकेत कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे जुळवणारा. डोळ्यांखाली काळं, टाय खिशात. आणि मी नेस्टा. भूगर्भशास्त्र शिकलेली, तरी असल्याच बँकेत नोकरी मिळावी म्हणून लंडनभर अनोळखी माणसांना कॉफीला बोलावत हिंडणारी.

"म्हणजे दगडांची पदवी," तो म्हणाला. "दगडांना निदान झोप तरी मिळते."

मी हसले... किती दिवसांनी.

या कॉफीची एक रीत आहे. निघताना विचारायचं, आणखी कोणाला भेटू? समोरचा एक नाव देतो, आपण पुढच्या दारी. मी विचारलं, तर कॅलम कप फिरवत म्हणाला, विचार करून सांगतो. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. राग यायला हवा होता. मी मात्र गुरुवारची वाट पाहू लागले. तो मला ताळेबंद वाचायला शिकवायचा, मी त्याला इमारतींचे दगड दाखवायचे. बँकेच्या दाराच्या दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शिंपले आहेत, हे रोज तिथून जाऊनही त्याला ठाऊक नव्हतं.

नोकरीला नकार मात्र येतच होते. आमच्या गावाहून, स्वान्सीहून, आईने फोनवर विचारलं, इथल्या शाळेत शिकवायची जागा आहे, येतेस का? मी इतकी दमले होते की हो म्हणणार होते. कॅलमला तसं सांगितलं. त्याने हातातला कप खाली ठेवला.

"मार्गो हेल," शेवटी तो म्हणाला. "आमच्याकडे खाणींचे सौदे बघते. तिला दगड कळणारंच माणूस हवंय."

"हे आज आठवलं तुला?"

"पहिल्याच दिवशी आठवलं होतं." त्याने मान वर केली नाही. "नाव दिलं असतं तर तू गेली असतीस. आणि आत आलीस की तुझे डोळेही माझ्यासारखे होतील... ते मला बघवणार नाही."

मला भयंकर राग आला, आणि रडूही. "माझ्या डोळ्यांचं काय करायचं ते मी ठरवीन," म्हणून मी उठले.

दोन दिवसांनी मी मार्गोला भेटले. तिने एका खाणीचा नकाशा पुढे सरकवला आणि विचारलं, घ्यावी का ही? मी म्हटलं, जिथे धातू लागला तिथेच तपासणीची सगळी भोकं पाडलीत, उरलेल्या जमिनीचं काय? ती पहिल्यांदाच हसली. आठवड्याभरात नोकरीचं पत्र आलं.

गुरुवारी मी त्याच टेबलापाशी गेले. कॅलम होताच. राग गेला का, त्याने विचारलं. अर्धा, मी म्हटलं.

"आता माझ्याकडे तुझं काही काम उरलं नाही," तो हळूच म्हणाला. "मग... आणखी कोणाला भेटणार?"

मी त्याचा कप माझ्याकडे ओढून घेतला.

"माणसं भेटून भेटून दमलेय रे. आता फक्त तुलाच."