घराकडचं भाडं

ॲपवाले सांगतात, तुमच्या मर्जीनं काम करा. मर्जी कसली! परभणीच्या स्टँडबाहेरचे आम्ही रिक्षावाले एकच नियम पाळतो: घराकडचं भाडं आलं की दिवस संपला. रिकामी रिक्षा गावापर्यंत नेणं कुणाला परवडतं? ते भाडं नाकारायचं नाही, असं म्हातारा मुंजाजी प्रत्येक नव्या रिक्षावाल्याला बजावतो. कारण विचारलं की तंबाखू मळत बसतो.

माझं घर ताडकळसला. बायकोचे, धम्मशीलाचे दिवस भरत आले होते आणि घरात ती एकटीच, त्यामुळे मला अंधाराआधी पोहोचायचंच असे. नशिबानं रोज ताडकळसचं भाडं मिळू लागलं. माणूस तोच. तोंडाला रुमाल गुंडाळलेला; उन्हाळ्यात इकडे सगळेच गुंडाळतात. वेशीजवळ उतरायचा.

"घरी कोण हाय?" त्यानं एकदा विचारलं.

"बायको. पोटुशी हाय."

"वाट बघत आसंल."

पुढे त्याचं भाडं दिवसेंदिवस लवकर यायला लागलं. आधी दिवेलागणीला, मग चहाच्या वेळेला, मग भर दुपारी. आरशात पाहावं तर तो माझ्यासारखाच एक पाय मुडपून बसलेला. मला ते आवडलं नाही, पण बसण्यावरून कुणाला काय बोलायचं?

शनिवारी तर सकाळी ॲप चालू केल्या केल्या त्याचं भाडं आलं. माझं डोकंच फिरलं. बाळंतपणाचा खर्च तोंडावर आलेला, पोखर्णीच्या नरसिंहाला जाणाऱ्यांची रीघ लागलेली, आणि मी घरी जाऊन बसू? मी भाडं नाकारलं.

मुंजाजीनं ते पाहिलं. "लय चुकलास गड्या," एवढंच म्हणाला.

दुपारी पोखर्णीला भाविक उतरवले आणि घरी फोन लावला. आज उशीर होईल, एवढंच सांगायचं होतं.

"हळू बोला," धम्मशीला कुजबुजली. "आमचे हे आत्ताच जेवून आडवे झालेत."

"आगं, मी बोलायलोय."

"मी म्हंजे कोण?"

"सिद्धोधन!"

तिकडे बाज करकरली.

"कोणाचा फोन हाय गं?"

आवाज माझा होता.

"राँग नंबर हाय," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "तुमचंच नाव सांगायलाय बघा."