वळशाचे मैल

या प्रवासात काकांना काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. सोनेरी कार्ड. विमान कंपनीचं. ठरावीक मैल उडलात की मिळतं. मग विमानतळावर वेगळी खोली, मऊ खुर्ची, फुकट खाणं. काकांना थोडेच मैल कमी पडत होते.

तेवढ्यात आजोबा गेले.

विश्वास ठेवा नाहीतर हसा, विमानात मी काकांच्याच रांगेत बसलो होतो. भुताला म्हणे रात्र लागते. आमचं शेवटचं विमान सूर्याच्या मागे मागे धावत होतं, अंधार पडलाच नाही. सगळं लख्ख उजेडात झालं.

आजोबा, म्हणजे आईचे वडील, परदेशात मावशीकडे राहायला गेले होते, तिथेच वारले. आजी इकडे घरी. फोनवर तिचं एकच मागणं, "एकदा तोंड दाखवा."

सरळ विमान होतं. नऊ तास.

मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, घेतलं दोन थांब्यांचं. सव्वीस तास. जेवढा वळसा, तेवढे मैल. घरी सांगितलं, सरळ विमानात जागाच नाही.

आजोबांच्या पेटीबरोबर काका आणि त्यांच्याकडेच राहणारा मी. कार्गोवाला चपापला.

"साहेब, बर्फ नऊ तासांच्या हिशेबानं भरलाय."

"पेटीला काय कळतंय, सरळ चाललीय की वळशानं?"

"त्यांना नाही कळणार. तुम्हाला कळेल."

दुसऱ्या थांब्यावर काचेतून पेटी दिसली. उन्हात ठेवलेली. खालून काहीतरी ठिबकत होतं...

काका सँडविच खात होते.

शेवटच्या विमानात आमच्या दोघांमधली सीट रिकामी होती. विमान उडालं आणि... वास आला.

फुलदाणीत कुजलेल्या पाण्यासारखा. गोडसर. घशाला चिकटणारा.

पुढचे-मागचे प्रवासी मजेत जेवत होते. वास फक्त आम्हा दोघांना.

मग मधल्या सीटसमोरची स्क्रीन आपोआप लागली... नकाशा. उरलेलं अंतर. उरलेला वेळ.

आजोबांची खोडच होती. कुठेही निघालं की घटकेघटकेला, "किती राहिलं रे?" आणि स्क्रीन दिसली की तिच्यावर अंगठा असा दाबायचे, जणू दारावरची बेल.

उरलेल्या वेळाच्या आकड्यावर... ठसा उमटला.

ओला.

काकांनी कागदी रुमालानं पुसला. पुन्हा उमटला. या खेपेला त्याला कातडीचा पापुद्रा चिकटलेला होता. पातळ, पिवळट.

"आधीच्या प्रवाशाची घाण. लोकांना शिस्त नाही," काका पुटपुटले. नखानं खरवडलं. आणि त्याच बोटांनी पाव मोडून लोणी फासलं!

मी माझं जेवण बाजूला सारलं.

अर्ध्या पावावर काकाही थांबले. दातांतून काहीतरी ओढू लागले... ते संपेचना.

लांब, पांढरा केस.

घरी पोचलो. पेटी उघडू नका, असं विमानतळावरून ती आणणाऱ्या माणसांनीच बजावलं. आजी झाकणावर हात ठेवून बसली.

"एवढा वेळ कसा लागला हो?"

विचारलं काकांना नाही. पेटीला.

महिन्याभरानं कार्ड आलं. मावशीनं पाकीट फोडलं आणि हात झटकला. कार्ड चिकट होतं. साबणानं धुतलं. सकाळी पुन्हा... अंगठा.

काका आता पावसुद्धा काट्यानं खातात. मीही गाडीत बसलो की फोनवर नकाशा लावत नाही.

आजी मात्र अजून काकांना फोनवर विचारते, "सरळ विमानात खरंच जागा नव्हती का हो?"

"नव्हती," काका म्हणतात. परवा मी काकांच्या जवळच होतो. त्यांनी फोन कानापासून लांब धरला... वास मलाही आला.

मैल काकांचे. वळसा आजोबांना. किंमत भरली आजीनं.