अर्धलीची शेळी

शेळीनं पान खाल्लं, तेही नेमकं सत्तेचाळिसावं.

धारूरच्या स्टँडवर राजनंदिनी अंबाजोगाईच्या गाडीची वाट बघत होती. मांडीवर एम.कॉम.चा प्रकल्प — ‘मलेशियातील इस्लामी बँकांची आर्थिक कामगिरी’. मागून एक पांढरी शेळी आली आणि दहा वर्षांचा नफा कराकरा चावून मोकळी झाली.

“साखरे! सोड!” एक उंच तरुण धावत आला. खांद्यावर घोंगडी, ओठांत दाबलेलं हसू. “माफ करा ताई. काय व्हतं कागदावर?”

“मलेशियाचा नफा.”

“मग पचंल. तोटा असता तर पोट दुखलं असतं तिचं.”

चिडायचं ठरवलेली पोरगी हसली, इथंच सगळं बिघडलं.

“आणि मला ताई म्हणू नका.”

“कावून? मग काय म्हणू?”

ती उरलेली पानं नीट लावायला लागली.

पान काय, पुन्हा छापता येतं. खरी धास्ती शुक्रवारच्या तोंडी परीक्षेची होती. या बँका व्याज घेत नाहीत, मग जगतात कशावर? सर हेच विचारणार. उत्तर तिला पाठ होतं. कळलं मात्र नव्हतं. गाडीचा पत्ता नव्हता, म्हणून तिनं शेळीवाल्यालाच म्हणून दाखवलं. बँक पैसा देते, धंदा दुसरा करतो, नफा दोघं वाटून घेतात...

“ही तर अर्धल हाय!” तो म्हणाला. नाव अभिमन्यू. “ही साखरी माझी न्हाई, चंद्रभागामावशीची. राखतो मी. दोन करडं झाली की एक तिचं, एक माझं.”

“आणि शेळी मेली तर?”

“तिची शेळी गेली, माझी वरसाची मेहनत गेली. कुणी कुणाला मागायचं न्हाई.”

“मग कुणालाही कशी देतात शेळी?”

“कुणालाबी कुठं? मालक शेळी बघून न्हाई देत... राखणारा बघून देतो.”

गाडी आली. गेलीसुद्धा. ती पुढच्या गाडीनं गेली.

शुक्रवारी सरांनी तोच प्रश्न विचारला. राजनंदिनीनं मलेशिया बाजूला ठेवला आणि साखरीची गोष्ट सांगितली. बाहेरून आलेले परीक्षक पुढे सरसावून ऐकत राहिले.

“छान! प्रकल्पात हे कितव्या पानावर आहे?”

“सत्तेचाळिसाव्या असायला हवं होतं, सर. पण ते शेळीनं खाल्लं.”

रविवारी ती परत स्टँडवर आली. शिकवण्यांच्या पैशांतून घेतलेलं शेळीचं एक मादी पिल्लू काखेत होतं.

“पास?” अभिमन्यूनं लांबूनच विचारलं.

“पास.”

“अन् हे मरतुकडं कुणी गळ्यात मारलं तुमच्या? पाय बघा की! बघून तरी घ्यायचं!”

“अर्धलीनं द्यायचीय.”

“ही?”

“मालक शेळी बघून देत नाही,” ती पिल्लाच्या कानाशी बोलल्यासारखी बोलली. “तुम्हीच म्हणालात ना...”

अभिमन्यूचे कान लाल झाले. त्यानं पिल्लू असं अलगद घेतलं, की बोटांना बोटं लागली आणि कुणालाच घाई नव्हती.

“बरं... मालकीणबाई.” हाक सापडली एकदाची! “बघायला कधी येणार? करडं झाली की यायची रीत हाय.”

“मी दर रविवारी येणार.”

“ही कुठली रीत?”

“मलेशियातली.”

“लई चांगला देश हाय,” अभिमन्यू म्हणाला आणि पिल्लाला घोंगडीत घेतलं.