आवडाचं घर

वाळूजच्या कारखान्यात लक्ष्मणला गुरुवारी सुट्टी असायची. त्या गुरुवारी तो धाकट्या मीनाला मोटारसायकलवर पुढं बसवून चितेगावला दगडाआत्याकडं गेला. थोरली दमयंती जाऊन दीड महिना झाला होता. सात वर्षांची पोर. आजार असा कुठला सापडलाच नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, घराण्यात आधी कुणी लहानपणी असं गेलंय का ते विचारून या, धाकटीसाठी कळलेलं बरं.

आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मीना अंगणात कोंबडीच्या पिलांमागं पळत होती आणि मधूनच "पप्पा, बघा ना" म्हणून हाका मारत होती. लक्ष्मणनं विचारलं तसे आत्याचे हात थांबले. तिनं धाकट्या बहिणीचं, आवडाचं नाव घेतलं. निजाम हटला त्या पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी गेली. सातच वर्षांची. घरात पुन्हा कुणी तिचा विषय काढला नाही.

"ताप होता?"

"ताप नाय, खोकला नाय. नुसतं म्हणायची, मला माझ्या घरी सोडा. आईच्या मांडीवर बसून म्हणायची."

लक्ष्मणनं अंगणातल्या मीनाकडं पाहिलं. शेवटचे आठ दिवस दमयंती हेच म्हणत होती, स्वतःच्या अंथरुणात पडून. त्यानं ते डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

आत्या सांगत गेली. देवऋषी झाला, शहरातला हकीम झाला. शेवटी आईच म्हणाली, म्हणते तिथं घेऊन जा, पोरीचं मन तरी भरंल. पैठणच्या रस्त्यानं आवडा पुढं, आत्या तिचा हात धरून मागं. एका नांगरलेल्या रानात आवडा थांबली. मोकळा हात उचलून तिनं दार वाजवलं.

"तिथं काय होतं?"

"ढेकळं." आत्यानं पदरातली टरफलं झटकली. "हात लई घट्ट धरला व्हता मी. पण आतून कडी काढल्याचा आवाज आला, लक्ष्मण. मग पोर आत गेली, हात तेवढा माझ्या हातात ऱ्हायला. गार."

आता काय करायचं, त्यानं विचारलं. आत्यानं मीनाला हाक मारून तिच्या फ्रॉकच्या खिशात शेंगा भरल्या.

ऊन असतानाच तो निघाला. मीना टाकीवर बसली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नांगरलेली रानं होती. त्यानं गाडी जोरात सोडली.

मीनानं हँडलवरच्या त्याच्या हातावर हलकेच बोटं टेकवली. परक्या माणसाला टेकवावीत तशी.

"काका, थांबा ना," ती म्हणाली. "आमचं घर मागं राहिलं."